धीर धरायचा कोणी?

पहिलटकरणीला सातवा महिना लागला की घरातलं प्रत्येक वडीलधारं माणूस तिला एकच सांगू लागतं: मनाची तयारी ठेव, घाबरू नकोस, सगळ्याच बायका यातून जातात. अलीकडे त्यात गर्भसंस्काराचे वर्ग, श्वासाचे व्यायाम शिकवणारी ॲप्स आणि 'सकारात्मक राहा' असं गोड आवाजात सांगणारे व्हिडिओ यांची भर पडली आहे. सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एक समजूत ठाण मांडून बसली आहे: बाळंतपणाची भीती म्हणजे बाईच्या मनाचं दुबळेपण, आणि ते तिचं तिनेच निपटायचं. ही समजूत उथळ आहे. ती बाईवर अन्याय करते, आणि बाळंतपण सोपं करण्याच्या कामीही फारशी येत नाही.

माझं म्हणणं असं आहे. कळांना सामोरं जाण्याचं बळ तीन गोष्टींतून येतं: पुढे काय होणार याची खरी माहिती, त्या वेळी जवळ असणारं भरवशाचं माणूस, आणि आपल्या शरीराला हात लावण्याआधी आपल्याला विचारलं जाईल याची खात्री. कितीही ध्यान केलं तरी यांतली एकही गोष्ट बाईला स्वतःच्या मनातून काढता येत नाही. ती दुसऱ्यांकडून मिळावी लागते. म्हणजे मानसिक तयारीचा मोठा वाटा नवरा, आई, सासू, नर्स, डॉक्टर आणि इस्पितळ यांनी उचलायचा आहे.

१. भीती कशाची, ते आधी विचारा

'घाबरू नकोस' म्हणणारे पुष्कळ असतात, 'कशाची भीती वाटते?' असं बसवून विचारणारे थोडे. विचारलं तर उत्तरं अगदी नेमकी येतात. बाळाला काही झालं तर? रात्री गाडी मिळाली नाही तर? सिझरचे पैसे कुठून आणायचे? खालून टाके पडतील का? नर्स ओरडेल का? दुसरीही मुलगी झाली तर घरात काय होईल? यांतल्या एकाही प्रश्नाला दीर्घ श्वास हे उत्तर नाही. रात्रीच्या गाडीच्या भीतीवर उपाय एकच, गाडी आधी ठरवून ठेवणं. मुलगी होण्याच्या भीतीवर उपाय सासरच्यांच्या तोंडून यायला हवा, आणि तो आठव्या महिन्याच्या आत यायला हवा.

इस्पितळाची भीतीही काही हवेतून येत नाही. प्रसूतिकक्षाच्या दारात काय होतं ते जवळून पाहावं. चपला बाहेर. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र उतरवून आईच्या हातात. मोबाइल पिशवीत, पिशवी बाहेरच्या बाकावर. अंगावर मागून नाड्या बांधायचा गाऊन, ज्याच्या निम्म्या नाड्या तुटलेल्या. कळ येत असतानाच तीन ठिकाणी सही किंवा अंगठा. मग दार लागतं. आत ती आणि सगळी अनोळखी माणसं, बाहेर तिची सगळी माणसं. कुणी बाहेरून येऊन पुढचं काही सांगत नाही, आत कुणी तिला किती वेळ लागेल ते सांगत नाही. मोठ्याने कण्हली तर 'आवाज करू नको' असा दम मिळतो. कधी त्याहून वाईट, नवऱ्याबरोबरच्या संबंधावरून टोमणा मिळतो. हे टोमणे इतके सार्वत्रिक आहेत की वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बायका ते जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ मध्ये प्रसूतीच्या वेळच्या अपमान आणि गैरवर्तनाविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढावं लागलं, कारण हा प्रकार देशोदेशी आढळत होता. अशा खोलीत जायला घाबरणाऱ्या बाईचं मन दुबळं म्हणता येत नाही. तिचं निरीक्षण बरोबर आहे.

२. श्वास घेतला, माणूस वगळलं

भीती आणि कळा यांचा संबंध जोडणारा विचार विसाव्या शतकातला आहे. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने १९३३ च्या आपल्या पुस्तकात मांडलं, की भीतीमुळे शरीर आवळतं आणि आवळलेल्या शरीराला वेदना जास्त होतात. पुढे फर्नांद लमाझ हा फ्रेंच डॉक्टर १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात गेला, तिथली मनाच्या तयारीची पद्धत पाहून आला आणि पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघटनेच्या प्रसूतिगृहात ती वापरू लागला. आज शहरोशहरी शिकवल्या जाणाऱ्या श्वासाच्या व्यायामांचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

या विचारात तथ्य आहे, आणि ते शरीरशास्त्रातही सापडतं. कळा आणणारं संप्रेरक ऑक्सिटोसिन. घाबरल्यावर वाढणारं ॲड्रेनलिन सुरुवातीच्या अवस्थेत कळा मंदावू शकतं. नाइल्स न्यूटन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, वेत चालू असताना माद्यांना त्यांच्या जागेवरून हलवलं की पिल्लं जन्मायला जास्त वेळ लागत होता. इथे थांबून विचार करावा. त्या माद्यांच्या मनोधैर्यात काहीच उणं नव्हतं. बदलली होती ती जागा. ज्या ज्ञानावरून आपण बाईला 'मन शांत ठेव' सांगतो, तेच ज्ञान खरं तर इस्पितळाला 'तिला शांत राहता येईल अशी जागा दे' असं सांगत असतं.

लमाझच्या पद्धतीत श्वासाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट होती: बाळंतपणाआधीची शिकवणी, आणि कळांच्या वेळी सतत शेजारी बसणारी प्रशिक्षित बाई. आपल्याकडे येता येता श्वास आला, माणूस गळालं. एक दोष मात्र मूळ पद्धतीतही होता. तिथे बायकांच्या बाळंतपणाला 'उत्तम'पासून 'अपयशी'पर्यंत शेरे दिले जात, आणि त्यात ती किती ओरडली, किती अस्वस्थ झाली हे मोजलं जाई. ही परीक्षेची वृत्ती आजही जिवंत आहे. 'तिने तोंडातून आवाज काढला नाही' हे कौतुक आणि 'फार आरडाओरडा केला हिने' ही तक्रार, दोन्ही त्याच खात्यातली. ओरडणं हा कळा सोसण्याचा एक साधा मार्ग आहे. त्याची लाज कुणालाही वाटायला नको.

३. माहिती: पूर्ण, आणि वेळेवर

माहिती दिली तर बाई अजून घाबरेल, हा पहिला आक्षेप. तो पूर्ण चुकीचा नाही. शेजारच्या काकूंनी रंगवून सांगितलेली अडलेल्या बाईची गोष्ट भीती वाढवतेच. पण गोष्ट आणि माहिती यांत फरक आहे. माहितीत क्रम असतो, शक्यता असते आणि त्या त्या वेळी काय करायचं ते असतं. तिच्या अभावी बाई रिकामी जागा कल्पनेने भरते, आणि त्या कल्पना काकूंच्या गोष्टींवरच पोसलेल्या असतात.

मग काय सांगायचं? पहिलं, वेळ. गर्भपिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडायचं असतं, आणि पहिल्या खेपेला सुरुवातीचे काही सेंटिमीटर उघडायलाच फार वेळ जाऊ शकतो. १९५० च्या दशकातल्या एमॅन्युएल फ्रीडमनच्या आलेखापासून तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब प्रसूतिकक्षांत रुजला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की हा हिशेब पुष्कळ बायकांना लागू पडत नाही, कळांची जोरकस अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरावी, आणि पहिलटकरणीला तिथून पुढे साधारण बारा तासांपर्यंत लागू शकतात. हे जिला माहीत आहे, तिला 'अजून तीनच' हे शब्द आपल्या हरण्याची बातमी वाटत नाहीत. जिला माहीत नाही, ती त्या क्षणी खचते. बाहेर बसलेले नातेवाईकही खचतात आणि डॉक्टरकडे 'आता काय ते करून टाका' असा तगादा लावतात. म्हणून ही माहिती बाकावर बसणाऱ्यांनाही तितकीच हवी.

दुसरं, कळांची रीत. कळ चढते, टोकाला जाते, उतरते. रंगात आलेली कळ साधारण मिनिटभराची, आणि दोन कळांमध्ये विसावा असतो. त्या विसाव्यात बाई चक्क डुलकी घेऊ शकते. सगळा वेळ दुखतच राहणार ही कल्पना घेऊन आत जाणारी बाई हे विसावेही पुढच्या कळेच्या धास्तीत घालवते. तोंड पूर्ण उघडण्याच्या सुमाराला अंगाला कापरं भरू शकतं, उलटी होऊ शकते, आणि 'आता माझ्याच्याने होत नाही, मला घरी न्या' असं वाटू लागतं. पुष्कळदा ही शेवट जवळ आल्याची खूण असते. जोर लावताना शी होऊ शकते, तीही अगदी नेहमीची गोष्ट आहे. या दोन वाक्यांनी किती बायकांची घालमेल वाचेल! पण शालीनतेच्या नावाखाली ती आपण गिळून टाकतो.

तिसरं, सिझर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के जन्म शस्त्रक्रियेने झाले. देशभरातल्या खासगी इस्पितळांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं, सरकारी इस्पितळांत १४.३. एवढी तफावत बायकांच्या शरीरांतून आलेली नाही. त्यातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल स्वतंत्रपणे भांडायलाच हवं. पण तयारीच्या दृष्टीने मुद्दा असा, की चौघींतल्या एकीच्या वाट्याला येणारी गोष्ट जी शिकवणी सांगतच नाही, ती शिकवणी अर्धी आहे. उलट 'नॉर्मल' होण्याला मनोबलाचं बक्षीस ठरवलं, की सिझर झालेली बाई आपण कुठे कमी पडलो ते शोधत बसते. आधीच पोटात टाके, त्यावर हा डाग. सकारात्मक विचाराने निदान नुकसान तरी होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे नुकसान मोजलेलं नसतं.

वेदनाशमनाचं बोलणंही इथेच यायला हवं. राणी व्हिक्टोरियाने १८५३ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हापासून वेदना सोसण्यातच बाईपण आहे असं मानणारे आणि ती कमी करू पाहणारे यांचा वाद चालू आहे. आपल्या इस्पितळात पाठीतलं इंजेक्शन मिळतं का, रात्री भूलतज्ज्ञ असतो का, हे नववा महिना लागण्याआधी विचारून घ्यावं. मागणं हा पराभव नव्हे, न मागणं हा पराक्रमही नव्हे.

४. सोबत

तिन्ही गोष्टींत मी सोबतीला सर्वांत वर ठेवते. तिच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे आणि आपल्याकडे तीच सर्वांत सहज नाकारली जाते.

ग्वाटेमालातल्या एका गर्दीच्या इस्पितळात मार्शल क्लाऊस, जॉन केनेल आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काही बायकांजवळ कळा सुरू झाल्यापासून एक बाई बसवली. तिच्याशी त्यांची आधीची ओळखही नव्हती. पाठ चोळणं, हात धरणं, बोलणं, एवढंच तिचं काम. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सोबत मिळालेल्या बायकांच्या कळांचा काळ कमी होता आणि गुंतागुंतही कमी. तेव्हापासून असे अनेक अभ्यास झाले. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक बायकांचे निष्कर्ष एकत्र पाहिले, तेव्हाही हेच दिसलं: सलग सोबत असेल तर आपोआप होणाऱ्या प्रसूती जास्त, सिझर कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि बाळंतपणाबद्दल मनात कडवटपणा राहण्याचं प्रमाणही कमी. एखाद्या औषधाने एवढं केलं असतं तर ते प्रत्येक तालुक्याला पोहोचलं असतं.

आणि कागदावर ते पोहोचलंही आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी इस्पितळांत जन्मसोबतीला परवानगी द्यावी असं कळवलं. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात ती प्रसूतिकक्षाच्या दर्जाचा भाग धरली गेली. तरी कित्येक ठिकाणी दार लागतंच.

यावर नर्स आणि डॉक्टर जो आक्षेप घेतात तो ऐकून घेण्यासारखा आहे. एका खोलीत चार टेबलं, मध्ये आडोसा नाही, एकीचा नवरा आला तर बाकीच्या तिघींचं काय? जंतुसंसर्ग झाला तर? नातेवाइकांनी तमाशा केला तर? दिवसाला पंधरा-वीस बाळंतपणं उरकणाऱ्या नर्सच्या तोंडून हे प्रश्न येतात तेव्हा ते सबबी नसतात, तिचा रोजचा अनुभव असतो. पण त्यांची उत्तरं महाग नाहीत. दोन टेबलांमध्ये पडदा. पुरुषांना जागा नसेल तिथे निदान एक बाई, आई असो, बहीण असो. एकच माणूस, स्वच्छ गाऊन, हात धुऊन. आणि आधीच्या तपासणीला त्या माणसाला बोलावून दिलेली अर्ध्या तासाची समज. तयार केलेली सोबतीण नर्सच्या अंगावरचं काम कमी करते. पाणी पाजणं, उठवून चालवणं, कुशीवर वळवणं ती करते, आणि काही बिघडलं तर पहिली हाक तीच मारते.

महाराष्ट्रात याचा कित्ता घरातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींना दवाखान्यात यायला भीती का वाटते ते विचारलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि नातेवाइकांपासून तोडलं जाणं, ही कारणं समोर आली. तेव्हा शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या धाटणीचा बांधला गेला, रोग्याचे नातेवाईक सोबत राहतील असा. भीती घालवण्यासाठी आदिवासींचं समुपदेशन करत बसण्याऐवजी दवाखाना बदलला. आदिवासी तालुक्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' योजनेखाली दिवस भरत आलेल्या बाईची आपल्या माणसांसह राहण्याची जी सोय केली, तिच्यामागेही हीच समज आहे. दुर्गम भागात जे जमतं ते पुण्या-मुंबईत आणि नाशिकला अशक्य का ठरावं?

सोबतीलाही तयारी लागते, हे मात्र विसरू नये. स्वतःच्या बाळंतपणाचा धसका घेतलेली आई पोरीला धीर देऊ शकेलच असं नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून पोर आणखी गळते. नवऱ्याला कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर तळव्याने कुठे आणि किती दाबायचं ते आधी दाखवलेलं असावं. कळ चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत, ती उतरल्यावर पाण्याचा घोट द्यायचा, 'सहन कर' म्हणण्यापेक्षा 'ही कळ उतरली, एक संपली' म्हणायचं. एवढ्या साध्या गोष्टी न सांगता येत नाहीत. गर्भसंस्काराच्या वर्गात नवऱ्याला बाळाशी बोलायला शिकवतात, ठीक आहे. त्यातला एक तास बायकोची पाठ दाबायला शिकवण्यासाठी द्यावा.

५. विचारून करणं

आतून तपासणी, सलाईनमधून कळा वाढवणं, खालून छेद, बाळ लवकर यावं म्हणून पोटावर दाब देणं: प्रसूतिकक्षात या गोष्टी पुष्कळदा न सांगता होतात. सरसकट छेद देऊ नये आणि पोटावर दाब देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत आहे. पण ज्या ठिकाणी एखादी गोष्ट गरजेची असते, तिथेही 'आता आतून तपासते, चालेल ना?' या चार-पाच शब्दांनी बाईच्या मनावरचा परिणाम बदलतो. तीच तपासणी एकीला उपचार वाटते, दुसरीला आपल्यावर झालेली जबरदस्ती.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग अनुभवाचे लाड कशाला, असा इथे आक्षेप येतो. जीव जपणं पहिलं, हे मान्यच. पण सन्मान आणि सुरक्षितता एकमेकांच्या आड येत नाहीत. ज्या बाईला पहिल्या खेपेला अपमान मिळाला, ती दुसऱ्या खेपेला उशिरा येते, घरी कळा सोसत बसते. त्यातून जिवावर बेतू शकतं.

६. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं'

आजीच्या पिढीतल्या बायका तयारीविना बाळंत झाल्या, हे म्हणणं दोन्ही अंगांनी लंगडं आहे. एक, तयारी होती. वाड्यात, वस्तीवर बाळंतपणं व्हायची, मुलींच्या कानांवर पडायची. सुईण ओळखीची, खोलीत आई-मावशी. आपण इस्पितळ आणलं, जीव वाचवले आणि त्याबरोबर ही सोबत बाहेर काढली. दुसरं, त्या काळाचं गुणगान करण्याचं कारण नाही. १९९७-९८ मध्येसुद्धा देशात लाख जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. आनंदीबाई जोशींचं बाळ त्या स्वतः चौदा वर्षांच्या असताना जन्मून काही दिवसांत गेलं. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात डॉक्टरकीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. बाईला नुसता धीर देऊन भागत नाही, तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं आणि शास्त्र जाणणारं माणूस हवं, हे त्यांना तेव्हा कळलं होतं.

७. बाळ झाल्यानंतरचे ४२ दिवस

सगळी तयारी बाळाच्या पहिल्या रडण्यापाशी थांबते, ही शेवटची आणि मोठी चूक. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळीव, शेक, तेल-मालीश यांची यादी तयार असते. मनासाठी काहीच नसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. जे ओसरत नाही ते वेगळं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा गोव्यातल्या एका इस्पितळातला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के बायकांना नैराश्य आढळलं. त्याचा संबंध होता गरिबीशी, नवऱ्याबरोबरच्या बिघडलेल्या नात्याशी आणि मुलगी झाल्याशी. कारणांची ही यादी पुन्हा वाचावी. एकही कारण बाईच्या मनोबलात नाही.

इस्पितळात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा येते. बाळाचं वजन करते, ताप पाहते, अंगावर पितं का ते विचारते. त्याच फेरीत बाळंतिणीला थोडं बाजूला घेऊन विचारता येईल: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? बाळाकडे पाहावंसं वाटतं का? जीव नकोसा होतो का? सासू खोलीत बसलेली असताना हे विचारून उपयोग नाही, हे आशांना कुणी सांगायची गरज नाही. पण विचारल्यानंतर त्या बाईला पाठवायचं कुठे, हे त्यांना ठाऊक हवं. १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक माता-बाल संरक्षण कार्डावर लसींच्या तारखांशेजारी मोठ्या अक्षरांत छापावा, आणि ते कार्ड वाचून दाखवताना नवऱ्याला आणि सासूलाही समोर बसवावं.